मिरसांगला घर हवंय, आणि मंडळाला तुमचा हात

सगळ्यांना नमस्कार. गणपतीची चवथ जवळ आली, घरोघरी साफसफाई आणि माटोळीची गडबड चालू आहे हे माहीत आहे, तरी पाच मिनिटं काढून हे वाचाच.

बाजारामागे कोणीतरी खोक्यात टाकून गेलेल्या कुत्र्याच्या पिल्लांपैकी बाकी सगळ्यांना घरं मिळाली, एकटी मिरसांग राहिली. चार महिन्यांची, तांबूस रंगाची, एक कान उभा एक पडलेला, आणि अंगात नुसती वीज! बघायला आलेले लोक लाड करतात आणि मग म्हणतात, "कुत्री नको, कुत्रा असला तर सांगा." फार वाईट वाटतं हो. अहो, सहा महिन्यांची झाली की नसबंदी मंडळच करून देणार आहे, मग घाबरायचं कशाला?

भटक्या कुत्र्यांना सांभाळणारं आपलं मंडळ काय आहे हे वाड्याला सांगायची गरज नाही. 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेचे लोक गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना लस देऊ लागले तेव्हा आपली पोरं उन्हातान्हात जाळी घेऊन त्यांच्या मागे धावली, आणि 2021 साली गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला तेव्हा सगळ्यांना किती अभिमान वाटला होता. भाटकारांनी माडाखालची जागा शेडसाठी दिली, आजवर भाडं म्हणून एक रुपया घेतला नाही. देवळाकडच्या काकी रोज उकड्या तांदळाची पेज पाठवतात, स्वतः आजारी असल्या तरी सुनेच्या हातून येते. पोदेर उरलेले पाव ठेवून जातो. आमचे तारवटी दादा बोटीवरून सुट्टीला आले की घरी बॅग टाकून आधी शेडवर येतात, औषधांचं बिल गुपचूप भरून जातात. डॉक्टरांनी तर फी कधी मागितलीच नाही. या सगळ्यांचे उपकार कसे फेडायचे कळत नाही.

पण गेल्या कॅम्पला गर्दी झाली ती फोटो काढायला. एका घराने मिरसांगला नेलं आणि चप्पल चावली म्हणून आठवड्याच्या आत परत आणून सोडलं, ती दोन दिवस गेटकडे तोंड करून बसून होती. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात, पिल्लू चावणारच! ओला फडका गाठ मारून फ्रीझमध्ये थंड करून द्या, चपला वर ठेवा. हात चावला तर मारू नका, खेळ थांबवून उठून जा, आपोआप समजतं. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं फिरवा, आणि झोपू द्या, या वयात दिवसातले बरेच तास झोप लागते, ती झाली नाही की पिल्लू जास्तच मस्ती करतं. दिवसभर साखळीला मात्र बांधू नका, मग ते भुंकत राहतं आणि शेजारी आम्हाला फोन करतात. चॉकलेट, द्राक्षं, कांदा देऊ नका. पावसात गोचीड रोज बघा. चवथीला फटाके वाजतील तेव्हा आतल्या खोलीत ठेवा, कोणीतरी सोबत बसा. घरात पोरं असली तर उत्तमच, तिला पोरं फार आवडतात, पण सांभाळायला एक तरी मोठं माणूस हवं.

तिच्या पार्व्हो-डिस्टेंपर या रोगांच्या आणि रेबीजच्या लशी झाल्यात, रेबीजचा बूस्टर मंडळ देईल, कार्ड सोबत मिळेल. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी विचारून या. कायमचं जमत नसेल तर चवथीपुरतं तरी ठेवा. मंडळाला मदत म्हणून पैसे कितीही चालतील, पावती मिळते, नाहीतर तांदूळ, जुनी बेडशीटं, रद्दी द्या. येत्या रविवारी सकाळी 10 ते 12.30 शेडवर, पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात, येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा, निरोप काकींकडे ठेवला तरी पोचतो.

— सचिव, मंडळातर्फे