धनगराच्या कळपावर घरचं कुत्रं सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली की फलटण, माण, खटावकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे बायकापोरांसकट फिरते तळ, मेंढरं घेऊन बाहेर पडतात, काही थेट कोकणात उतरतात, काही आमच्या पुरंदर-भोरच्या बाजूने मुक्काम करत करत जातात. आता आमच्याकडे फार्महाऊस खूप झालेत आणि वीकेंडला येणाऱ्या लोकांबरोबर त्यांची कुत्रीही येतात. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बॉर्डर कॉली नाहीतर जर्मन शेफर्ड आणायचा, "याच्या रक्तातच हर्डिंग आहे", म्हणजे कळप हाकणं आहे, असं म्हणायचं आणि समोरून चाललेल्या कळपावर तो मोकळा सोडून मोबाईलवर शूटिंग करत बसायचं, हे जे सुरू झालंय ते थांबलं पाहिजे म्हणून हे पत्र.

रक्तात असतं हे खरंय. पण रक्तात असते ती शिकार. नजर रोखायची, दबा धरून पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, मग चावायचं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून त्यातलं चावणं कमी केलं आणि नजर ठेवली, आजच्या बॉर्डर कॉलीचा मूळपुरुष मानतात तो ओल्ड हेम्प १८९३ साली तिकडेच जन्मला. एवढं करूनही तिथे कोणी पिल्लू उचलून कळपावर सोडत नाही. आधी छोट्या कुंपणात चारदोन मेंढरं, लांब दोरी, आणि सगळ्यात आधी थांबायला शिकवतात. मालकाने सांगितल्यावर पळता पळता जागेवर बसलं तरच ते कामाचं कुत्रं. अशी वर्ष-दोन वर्षं जातात. फ्लॅटमध्ये बॉल आणून देणारं कुत्रं, मग त्याचे जातिवंतपणाचे पेपर कितीही चांगले असोत, त्याला यातलं काहीच येत नाही. कॉर्गी तर गुरांच्या टाचा चावून हाकायला पाळलेली जात, आणि लॅब्रॅडॉरचं काम बंदुकीने पाडलेला पक्षी उचलून आणायचं, त्याचा मेंढरांशी संबंधच नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या मेंढरांची. आपला धनगर कुत्र्याकडून कळप हाकून घेत नाही. तो पुढे चालतो, तोंडाने आवाज देतो, शीळ घालतो, मेंढरं त्याच्या मागे येतात, मागे राहिलेल्यांना पोरगं नाहीतर बाई काठीने वळवते. वाड्यावरची कुत्री असतात ती राखणीला, लांडगा येऊ नये म्हणून. ती कोकरांबरोबर लहानाची मोठी झालेली असतात, रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेने बसून असतात. म्हणजे या मेंढरांच्या हिशोबाने अंगावर धावून येणारं अनोळखी कुत्रं आणि लांडगा यात काही फरक नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच रानात हे घडलं. कांदा लावायच्या आधी खतासाठी आम्ही मेंढ्या बसवतो, तशा बसवल्या होत्या. संध्याकाळी शेजारच्या बंगल्यावरच्या पाहुण्यांनी कुत्रं सोडलं. ते आधी लांबून गोल फिरलं, पाहुणे टाळ्या वाजवायला लागले, आणि मग एक कोकरू कळपातून फुटलं तसं ते सरळ आत घुसलं. मेंढरं वाघर तोडून बांधाकडे पळाली आणि कोरड्या चारीत एकावर एक पडली. मालक नावाने हाका मारतोय, कुत्र्याला ऐकूच येत नव्हतं. चारीतून मेंढरं एकेक उचलून काढली तेव्हा तळाला दोन कोकरं मेलेली होती, नाकातोंडात माती, अंगावर दाताची एक खूण नाही. सकाळी एक मेंढी गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला. वाड्यावरच्या कुत्र्यांनी त्या पाहुण्या कुत्र्याचा कान फाडला तो वेगळाच, त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष?

"चावलं तर नाही ना" असं ते लोक परत परत म्हणत होते, मनापासूनच म्हणत होते. म्हणून मुद्दाम सांगतो, नुसत्या पळवण्याने मेंढरू मरतं. मेंढी पाच महिने गाभण असते आणि पोटात वाढलेलं पिल्लू घेऊन जीव खाऊन पळाली, दाटीत चेंगरली की ती गाभडू शकते. ब्रिटनमध्ये १९५३ सालापासून यावर कायदा आहे, आणि त्यात कुत्र्याने चावलंच पाहिजे असं नाही, इजा होईल किंवा मादी गाभडेल अशा रीतीने शेतातल्या जनावरांचा पाठलाग केला तरी मालक दोषी. जिथे कुत्र्याने मेंढरं हाकायची कला एवढी वाढली तिथे हा नियम आहे हे लक्षात घ्या.

आपल्याकडे धनगराने जायचं कुठे? तो दुसऱ्या तालुक्यातला, इथे त्याचा सातबारा नाही, ओळख नाही, दोन-चार दिवसांत वाडा पुढच्या गावाला हलवायचाय. पंचनामा, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या यात अडकला तर बाकीच्या मेंढरांच्या चाऱ्याचं काय. म्हणून तो हातावर ठेवतील ते घेऊन गप निघून जातो, आणि समोरच्याला वाटतं मिटलं. एका मेंढीबरोबर तिचं पुढचं कोकरूही गेलेलं असतं, ते कोणी मोजत नाही.

माझी ग्रामपंचायतींना विनंती आहे की वाडे गावात असतील त्या महिन्यांत फार्महाऊसवाल्यांना आणि रिसॉर्टवाल्यांना लेखी कळवावं, माळावर आणि रस्त्यावर कुत्रं पट्ट्यानेच न्यायचं. आणि नुकसान झालं तर पोलीस पाटील, सरपंच आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने त्याच दिवशी जागेवर येऊन पंचनामा करावा, बाजारभावाने, गाभण मेंढीची किंमत गाभण म्हणूनच धरून, आणि पैसे वाडा हलायच्या आत मिळवून द्यावेत. पुढच्या दिवाळीची वाट न बघता हे आत्ताच ग्रामसभेत घ्या.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. पुरंदर