मनूच्या एमएस्सीबद्दल

प्रिय विन्या,

पत्र मिळालं. मनूचा फिजिक्सच्या एमएस्सीला मुंबईच्या त्या नावाजलेल्या कॉलेजात नंबर लागला आणि शिवाजी विद्यापीठातही लागला, हा आनंद तू एका ओळीत उरकलास आणि पुढे पानंच्या पानं काळजी लिहिलीस. शोभतं तुला! घरचे सगळे मुंबई म्हणतात, पोरगी कोल्हापूर म्हणते, आणि पंच म्हणून मी. मी शिवाजी विद्यापीठाचाच विद्यार्थी, तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरूनच पुढचं वाच.

अण्णांना नावाची चिंता आहे ना? ते नाव खोटं नाही. पण असल्या कॉलेजांचं नाव बहुतेक बीएस्सी-बीएच्या मुलांनी कमावलेलं असतं. बारावीला उत्तम मार्क घेऊन आलेली पोरं, ती कुठेही चमकली असती. एमएस्सीचा विभाग तिथे असतो, पण अनेकदा बीएस्सीच्या कामातून उरलेल्या वेळात चालतो. शिवाय कॉलेज स्वायत्त असलं की अभ्यासक्रम त्याचा, पेपर त्याचे, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. हे अण्णांना मुद्दाम सांग. तुलना एका राज्य विद्यापीठाची दुसऱ्या राज्य विद्यापीठाशीच आहे. एक १८५७ चं, दुसरं १९६२ चं, एवढंच.

जॅममधून, म्हणजे आयआयटीच्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतून, आयआयटी मिळाली असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. सरळ बॅग भर म्हणालो असतो.

आता कोल्हापूरचं. २०२१ मध्ये नॅकनं, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेनं, विद्यापीठाला ए++ ही सर्वांत वरची श्रेणी दिली, चारपैकी ३.५२ गुणांक. तू तो आकडा अधोरेखित करून पाठवलास, पण मला त्याचं फारसं कौतुक नाही. ती श्रेणी अख्ख्या विद्यापीठाची. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काय चाललंय ते तिच्यातून कळत नाही. कळतं ते कामावरून. डॉ. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी तिथे थिन फिल्मचं काम उभं केलं: रासायनिक द्रावणातून काचेवर किंवा धातूवर पदार्थाचा अतिपातळ थर बसवायचा आणि तो सोलर सेल, गॅस सेन्सर, सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन) यांत वापरून बघायचा. या पद्धतीला महागडी निर्वात यंत्रणा लागत नाही. बेताच्या पैशांत चालणाऱ्या विद्यापीठात हा विषय का रुजला, याचं निम्मं उत्तर मला तरी तिथेच दिसतं. आज एमएस्सीच्या पोराला प्रोजेक्टसाठी पीएचडीवाल्यांच्या शेजारी बसता येतं, स्वतःचा नमुना एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणाऱ्या यंत्राला, लावता येतो, आलेला आलेख चुकीचा का आहे यावर भांडता येतं. दोन वर्षांत हे मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पण यातच मेख आहे, आणि ती मनूला नीट समजायला हवी. तिला मटेरियल सायन्स आवडत असेल तरच हे सगळं तिच्या कामाचं. तिचा ओढा कणभौतिकीकडे किंवा खगोलाकडे असेल तर मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथली व्याख्यानं, तिथली माणसं, उन्हाळ्यात कुणाच्या तरी हाताखाली काम करायची धडपड, हे मुंबईत राहणाऱ्याला सोपं जातं. अशा वेळी कॉलेजचा विभाग लहान असला तरी शहर भरून काढतं. तेव्हा तिला आधी विषय विचार. बीएस्सीला कोणता पेपर तिनं परीक्षा नसतानाही वाचला, यावरून बरंच कळेल.

पुढच्या वाटेचं म्हणशील तर सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेचा पेपर कॉलेजचं नाव बघून बदलत नाही. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती लागली की महिना ३७,००० रुपये, आणि ती घेऊन चांगल्या संस्थेत पीएचडीला जाता येतं. तिथे गाईड विचारतो तो प्रोजेक्टबद्दल. खासगी नोकरीला जायचं असेल, विशेषतः फिजिक्स सोडून डेटा किंवा बँकिंगकडे, तर मात्र मुंबईच्या कॉलेजचं नाव आणि तिथले माजी विद्यार्थी उपयोगी पडतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. इंग्रजीत न अडखळता बोलायची सवयही तिथे लवकर लागते; आपल्याकडच्या पोरांना ती स्वतःहून लावून घ्यावी लागते.

खर्चाचं मी लिहीत नाही. मुंबईत वसतिगृह मिळालं नाही तर काय होईल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक काम कर. प्रवेश पक्का करायच्या आधी मनूला घेऊन दोन्हीकडे जा. विभागप्रमुखांना भेटू नकोस, ते सगळीकडे गोडच बोलतात. पीएचडीची पोरं चहाला बाहेर पडतात तेव्हा त्यांना गाठ. विचार की कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. राज्यातल्या विद्यापीठांत जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात, कोल्हापूर त्याला अपवाद नाही. मी शिकलो तेव्हाचा विभाग आज तसाच असेल असं मी धरून चालत नाही, तूही चालू नकोस. तिला ज्यात रस आहे तो विषय शिकवणारा माणूस पुढच्या वर्षी निवृत्त तर होत नाही ना, हेही विचार. आणि यंत्र बंद पडलं तर किती दिवसांनी सुरू होतं, हे नक्की विचार.

हे सगळं बघूनही ती मुंबई म्हणाली तर जाऊ दे. मग माझं पत्र तिच्यापुढे नाचवू नकोस. आणि कोल्हापूर म्हणाली तर अण्णांशी बोलायला मी येतो, तू मध्ये पडू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या