इंजिन बांधलंत, पण ऑइल चढवलंच नाहीत

प्रति,
मॅनेजर साहेब,
इंजिन रिबिल्ड विभाग, वागळे इस्टेट, ठाणे

विषय : ॲम्बेसेडर मार्क टू, मॉडेल १९७२, इंजिन बांधल्यावर प्रायमिंग (म्हणजे चालू करण्याआधी आतल्या वाटांत ऑइल भरणं) न करता चालू केल्यामुळे बेरिंग गेल्याबद्दल तक्रार

साहेब नमस्कार,

फोनवर चार वेळा बोलून झालं, दर वेळी वेगळा माणूस आणि दर वेळी उत्तर एकच, की जुनं इंजिन आहे काका थोडा आवाज राहणारच, म्हणून आता लेखी देतोय. मी स्वतः वागळेतच लेथवर एकतीस वर्षं काढलीत, त्यामुळे आवाज कुठला राहणारा असतो आणि कुठला नाही हे मला समजतं.

गाडी वडिलांची आहे. त्यांचं वय आता ८४, पायऱ्या उतरवत नाहीत, पण गाडीचं काय झालं हे रोज विचारतात. तुमच्याकडे इंजिन दिलं तेव्हा बोअरिंग, पिस्टन, क्रँकचं म्हणजे मुख्य दांड्याचं ग्राइंडिंग, मेन (क्रँकची) आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉडची) नवीन बेरिंग, नवीन ऑइल पंप, सगळं धरून १ लाख १८ हजार झाले आणि मी एक रुपयाची घासाघीस केली नाही, कारण काम चांगलं व्हावं एवढंच हवं होतं. आणि खरं सांगतो, मशिनिंगचं काम चांगलंच झालंय, बोअर मी स्वतः बघितले होते, होनिंगच्या रेघा अगदी व्यवस्थित होत्या. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आता झालं काय ते सांगतो. तुमच्याच जॉबकार्डवर इंजिन जोडल्याची तारीख २२ मार्च आहे आणि गाडीत बसवून पहिल्यांदा चालू केलं १४ जूनला. म्हणजे जवळजवळ तीन महिने इंजिन स्टँडवर कोरडं पडून होतं. जोडताना बेरिंगला जे ऑइल लावलेलं असतं ते एवढ्या दिवसांत ओघळून खाली चेंबरमधे, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातं, हे तुमच्या मुलांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी वरून ऑइल ओतलं, डिपस्टिक बघितली आणि सरळ सेल्फ मारला. प्लगसुद्धा काढले नाहीत. इंजिन लगेच चालू झालं, सगळे खूश झाले, मी मात्र डॅशखाली लावलेल्या प्रेशर गेजकडे बघत होतो आणि काटा शून्यावरून हलत नव्हता. मी ओरडलो, बंद करा बंद करा. तर तो मुलगा म्हणाला, गेज जुना आहे काका, येईल वर, आणि त्याने उलट ॲक्सिलरेटर दिला. माझ्या अंदाजाने मिनिट-दीड मिनिट ते इंजिन तसंच फिरलं, मग काटा एकदम उडी मारून वर आला. तो गेज मेकॅनिकल आहे साहेब, तांब्याच्या नळीतून ऑइल थेट त्याच्यात येतं, नळीत ऑइल आलं की तो दाखवतो आणि नाही आलं की नाही दाखवत, त्यात खोटं बोलायला काही जागाच नाही.

तुम्हाला हे सांगायची गरज नसावी, पण तुमच्या लोकांच्या बोलण्यावरून वाटतं की सांगायलाच हवं. क्रँक बेरिंगवर टेकून फिरत नाही, मधे ऑइलचा पातळ थर असतो त्याच्यावर तो तरंगतो, आणि तो थर पंपाने ढकललेल्या ऑइलमुळेच टिकतो. नवीन पंप कोरडा असला की तो हवाच घुसळत बसतो, त्याच्या आतल्या बारीक फटी ऑइलने भरल्याशिवाय त्याला ओढ येत नाही. त्याच्यापुढे फिल्टरचा रिकामा डबा, मग ब्लॉकमधल्या रिकाम्या गॅलऱ्या, म्हणजे ऑइलच्या वाटा, हे सगळं भरल्यावर शेवटी बेरिंगला ऑइल मिळणार. तेवढा वेळ नवीन बेरिंग नवीन ग्राइंड केलेल्या क्रँकवर सुकं घासत राहतं, आणि त्याच वेळी तुमचा माणूस रेस देतोय.

तिसऱ्या दिवशी घोडबंदर रोडला पातलीपाड्याच्या पुलावर चढताना खालून ठोका यायला लागला. गरम झाल्यावर आयडलला प्रेशर ५ पौंडावर. मी तुम्हाला फोन केला, उत्तर आलं चालवत राहा, सेट होईल. मी नाही चालवली. दोन दिवस वाट बघितली, तुमच्याकडून कोणी आलं नाही, मग तुम्हाला कळवून, मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढत, ओळखीच्या मेकॅनिककडून चेंबर उतरवून घेतला. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांनी तीन नंबरच्या बिग एंडची कॅप काढली आणि बेरिंगची वाटी माझ्या तळहातावर ठेवली. नव्या वाटीचा रंग एकसारखा राखाडी असतो. हिच्या मधोमध तांब्याचा लालसर पट्टा दिसत होता, म्हणजे वरचा मऊ थर निघून गेलेला, आणि नख फिरवलं तर रेघेत अडकत होतं. बोटाला लागलेलं ऑइल उन्हात धरलं तर चमचम करत होतं. चेंबरच्या तळाशीही तेच. १४० किलोमीटर झालेत या इंजिनाला.

आता तुमचे सुपरवायझर म्हणतात की प्रायमिंग केलं होतं, डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवला होता. साहेब, हे वाक्य ऐकून मला खरंच राग आला. काही इंजिनांत डिस्ट्रिब्युटर आणि पंप एकाच दांड्यावर असतात, तिथे वरून ड्रिल लावून पंप फिरवता येतो. या १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनात पंपाला कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) स्वतःचा वेगळा दांडा आहे, डिस्ट्रिब्युटरचा वेगळा, तिथून ड्रिल घालून पंप फिरणारच नाही. जे होऊच शकत नाही ते केलं म्हणून सांगताय. हे काही दुर्मिळ इंजिन नाही, एमजीए स्पोर्ट्स कारमधे हेच होतं आणि आपल्याकडे उत्तरपाऱ्याच्या कारखान्याने हजारोंनी बनवलं.

यात करायचं असतं ते अर्ध्या तासाचं काम. पंप बसवतानाच आत व्हॅसलिन भरायचं म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून त्याला ओढ येते. फिल्टरचा डबा ऑइलने भरून लावायचा. प्लग काढायचे, कॉइलची वायर काढायची, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार बेरिंगवर येत नाही, आणि हँडलने सावकाश फिरवायचं, मग थोडा थोडा सेल्फ, गेजचा काटा उचलेपर्यंत. त्याहून चांगलं म्हणजे गेजची नळी जिथे ब्लॉकला लागते तिथून दाबाने ऑइल भरायचं, आमच्या त्या मेकॅनिककडे शेतातल्या फवारणी पंपाचा त्यासाठीच केलेला डबा आहे, टॅपेट कव्हर उघडं ठेवून क्रँक हळूहळू फिरवतात आणि वरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवर ऑइल पाझरताना डोळ्यांनी बघतात. आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर आयडलला सोडायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवायचं, कारण कॅमच्या लोबला ऑइल मुख्यतः क्रँकच्या उडण्यातूनच मिळतं. तुमच्याकडे रेस दिल्यानंतर गाडी अर्धा तास आयडलला ठेवून सगळे चहाला गेले. त्यामुळे कॅम आणि टॅपेटसुद्धा काढून बघायला लागणार.

माझी मागणी अशी. इंजिन तुमच्या खर्चाने पूर्ण उतरवून उघडा. मेन, बिग एंड आणि कॅमची सगळी बेरिंग नवीन, क्रँकचे जर्नल (बेरिंगमधे फिरणारे भाग) माझ्यासमोर मायक्रोमीटरने मोजायचे आणि गरज पडली तर परत ग्राइंडिंग, पंप उघडून तपासणे, ब्लॉकच्या गॅलऱ्यांचे प्लग काढून आतून साफ करणे कारण ती सगळी धातूची पूड तिथे बसलेली आहे, नुसती बेरिंग बदललीत तर नवीनही जातील. नंतर प्रायमिंग माझ्या उपस्थितीत, रॉकरवर ऑइल दिसल्याशिवाय स्पार्क प्लग लावायचे नाहीत. ऑइल २०डब्ल्यू-५०, तेही तुमचंच. गरम इंजिनावर रस्त्याला गेज ५० पौंडाच्या आसपास दिसला की मी गाडी घेईन. वॉरंटी त्या दिवसापासून नव्याने लिहून द्या. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा.

बाहेर उघडलं म्हणून वॉरंटी गेली हे मी मान्य करत नाही. उघडण्याआधी केलेल्या फोनची नोंद, व्हिडिओ, जॉबकार्ड, बिल, सगळं माझ्याकडे आहे. ही सेवेतली त्रुटी आहे आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन, सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असली तर तिथे फी लागत नाही. मला तिथे जायची हौस नाही, गाडी गणपतीच्या आत नीट व्हावी आणि वडिलांना एकदा तलावपाळीला चक्कर मारून आणता यावी, एवढंच पाहिजे.

बेरिंगच्या आठही वाट्या कॅपच्या नंबरप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्यात, चेंबरमधलं ऑइलही बाटलीत आहे. तुमच्या माणसाला बघायचं असेल तर रविवार सोडून कधीही संध्याकाळी सहानंतर पाठवा, येण्याआधी फोन करायला सांगा. वाट्या मी हातातून देणार नाही, इथेच बघायच्या.

आपला,
ॲम्बेसेडरचा मालक
चरई, ठाणे