पत्ता शेवटाकडून वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी दोन जुने कॉम्प्युटर लावून तुम्ही ब्राउझर वापरायला शिकवता, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. लिहिणारे आम्ही चौघं, सांगली-मिरज रस्त्यावर ऑनलाइन कामांची दुकानं चालवतो. सातबारा, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, भरतीचे फॉर्म हेच दिवसभर चालू असतं. त्यामुळे तुमच्या शिकवण्यात नेमकं काय वेगळं आहे, हे आम्हाला जरा जास्त कळतं.

बाकीचे शिकवतात ते 'इथं दाबा, मग तिथं दाबा'. साइटचं रूप बदललं, बटण डावीकडून उजवीकडे गेलं, की ते शिक्षण संपलं. तुम्ही पहिला अख्खा तास कुठलंही बटण दाबू देत नाही, वरच्या पट्टीतला साइटचा पत्ता वाचायला लावता. आणि तो वाचायचा कसा, हे सांगायला तुम्ही जो दाखला शोधलात तो आम्ही आता सर्रास उचललाय. नुसतं 'नागठाणे' म्हटलं तर कुठलं नागठाणे? साताऱ्याजवळचं की पलूस तालुक्यातलं? पोस्टमन शेवटचा जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव. साइटचा पत्ताही तसाच, शेवटाकडून वाचायचा. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून मागे, डावीकडे यायचं. 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' असं असेल तर शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे, आणि ते फक्त सरकारी खात्यांनाच मिळतं. पण 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असेल, तर ती जागा अमुकतमुकची. त्याच्या डावीकडचं सगळं दारावर लावलेली खोटी पाटी. फोनवर पट्टी अरुंद असते, लांब पत्ता पूर्ण दिसत नाही. म्हणून पट्टीवर एकदा टिचकी मारून पत्ता सरकवत शेवटपर्यंत बघायला लावता, हेही बरोबर.

यात एक पंचाईत आहे, आणि ती तुम्ही लपवत नाही. सगळीच खरी कामं 'गव्ह डॉट इन'वर नसतात. महावितरणचा पत्ता 'महाडिस्कॉम डॉट इन', रेल्वे तिकिटांचा 'आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन'. दोन्ही अस्सल, पण नियमात न बसणारे. असे पत्ते बिलावरून किंवा तिकिटावरून एकदा नीट टाइप करायचे, साइट उघडली की कंट्रोल आणि डी दाबून बुकमार्क करायचा, म्हणजे पत्ता ब्राउझरमध्ये जपून ठेवायचा, आणि पुढं कायम त्या बुकमार्कवरूनच जायचं. बँकांचं आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देऊन सगळ्या बँकांना 'बँक डॉट इन'वर जायला सांगितलं, त्यामुळे तिथंही शेवट बघून ओळखता येतं.

शोधून जाण्याची सवय मोडायला मात्र वेळ लागतो. वीजबिल भरायचं असलं की लोक पट्टीत 'लाइट बिल' टाइप करतात आणि पहिलं येईल त्यावर जातात. तिथं 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे देऊन वर आलेली जाहिरात. 'कस्टमर केअर नंबर' असा शोध घेऊन मिळालेल्या नंबरावर फोन करणं तर सरळ खड्ड्यात पाय घालणं. नंबर हवा असेल तर बिलाची मागची बाजू किंवा एटीएम कार्डाची पाठ बघा, हे तुमचं वाक्य आमच्या काउंटरवर रोज निदान दोनदा म्हटलं जातं. आणि पैसे गेलेच, तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची आशा असते.

आता ज्यासाठी खास आभार मानायचे, ते कॅशबद्दल; रोख पैसे नव्हेत, ब्राउझरचा साठा. हा शब्द समजावणं भल्याभल्यांना जमत नाही. तुम्ही तो पावसाळ्यात समजावलात. सांगलीत ऑगस्टमध्ये माणूस सकाळी उठून आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, ते ब्राउझरवर बघतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे पोरांनाही पाठ. २०१९ ला ती ५७ फुटांच्या पुढं गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली. ब्राउझर एकदा उघडलेल्या पानाची चित्रं आणि फायली स्वतःजवळ ठेवून घेतो, पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून. सकाळचा टॅब दुपारी तसाच दिसतो तेव्हा तो आकडा सकाळचा असतो. म्हणून आधी पानावरची तारीख-वेळ वाचायची, मग पान ताजं (रिफ्रेश) करायचं. तरीही जुनंच दिसलं तर कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबायचं, म्हणजे साठवलेलं बाजूला ठेवून ब्राउझर सगळं नव्यानं आणतो. फोनवर हे बटण नसतं. तिथं एक खासगी (इनकॉग्निटो) टॅब उघडून तोच पत्ता टाकला की बहुतेक वेळा काम होतं. 'कोयना अजून इतकीच कशी भरली' म्हणून भांडणारा माणूस कालचं पान बघत असतो, हे आता आम्हालाही पटलंय.

हळदीच्या दराचंही तेच, फक्त कारण निराळं. 'सांगली हळद भाव' शोधलं की गेल्या वर्षीची बातमी वर येते. शोधाच्या पानावर 'टूल्स'मध्ये जाऊन 'मागील २४ तास' निवडायचं, एवढं केलं की काम झालं.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी जमत नाही, तेही लिहितो. काहीही अडलं की तुम्ही कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबून 'सगळा वेळ' निवडून सगळं पुसायला सांगता. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ते बरोबरच. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तिथले तीन रकाने तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ब्राउझिंग इतिहास' म्हणजे कुठं कुठं गेलात त्याची यादी. 'कॅश केलेल्या इमेज आणि फायली' पुसल्या तर नुकसान काही नाही, पहिल्या वेळी पान जरा सावकाश उघडेल. 'कुकीज' म्हणजे साइटनं तुम्हाला ओळखायला ठेवलेल्या खुणा; त्या पुसल्या की मात्र जवळपास सगळीकडून लॉगआउट. मग आजोबांना ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, ओटीपी मुलाच्या पुण्यातल्या मोबाइलवर जातो, आणि वरात आमच्या दुकानात. पान अर्धवट दिसत असेल तर नुसती कॅश पुसा. लॉगइन सारखं फिरून फिरून त्याच पानावर येत असेल तर त्या एकाच साइटच्या कुकीज काढा. मुळावर घाव नंतर घालता येतो.

खासगी विंडोबद्दल तुम्ही जे ठासून सांगता ते मात्र शंभर टक्के बरोबर. कंट्रोल, शिफ्ट, एन दाबलं की काळी विंडो उघडते आणि माणसाला वाटतं आपण अदृश्य झालो. तसं काही नसतं. ती बंद केल्यावर इतिहास आणि कुकीज त्या कॉम्प्युटरवर उरत नाहीत, एवढंच. उतरवलेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहते. आधारची पीडीएफ घ्या: तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. नाव आणि वय माहीत असलेला कोणीही ती उघडेल. म्हणून प्रिंट काढल्यावर कंट्रोल आणि जे दाबून डाउनलोडची यादी उघडायची, फाइल जिथं आहे तो फोल्डर उघडायचा, फाइल निवडून शिफ्ट धरून डिलीट. नुसतं डिलीट केलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. यादीतली ओळ काढली म्हणजे फाइल गेली, असंही नाही. आणि अशा दोन खासगी विंडो उघड्या असतील तर एक बंद करून भागत नाही; दोन्ही बंद होईपर्यंत लॉगइन जिवंत असतं. हे आमच्या दुकानातल्या पोरांनाही नीट माहीत नव्हतं.

तुमच्या त्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरबद्दल थोडं. त्याच्यावर सगळ्याच साइटना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं यायला लागलं आणि नेट खराब म्हणून मंडळी चिडली. तुम्ही खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलंत: तारीख कित्येक वर्षं मागची. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचं. कॉम्प्युटरची तारीख चुकली की ब्राउझरला ते प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख सुधारली, साइट उघडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, कारण मदरबोर्डावरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवरचा, सीआर २०३२ सेल संपलेला; वीज बंद झाली की घड्याळ विसरतं. वडा-चहाच्या खर्चात नवा सेल येतो. ओळखायची खूण अशी: इशारा सगळ्या साइटना येत असेल तर आधी आपलं घड्याळ बघा, एकाच साइटला येत असेल तर घोळ बहुधा त्या साइटचा, तिथं 'तरीही पुढे जा' करून पासवर्ड टाकायचा नाही. तो कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे, त्यावर क्रोम ब्राउझर १०९ या आवृत्तीच्या पुढं सरकणार नाही, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, तेव्हा त्यावरून बँकेचं काम करू देऊ नका. हवामान, बातम्या, शोधाशोध यांना हरकत नाही.

'सातबारा निघंना झालाय' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत तुमचे विद्यार्थी ओळखू येतात. ते आधी विचारतात, 'बघायचा का द्यायचा?' बघायचा असेल तर भूलेख या सरकारी साइटवर सांगली जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. फुकट, पण कुठल्या कार्यालयात चालत नाही. बँकेत द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा, १५ रुपयांचा. आणि बटण दाबूनही काही उघडत नसेल तर पट्टीच्या उजव्या टोकाला लाल फुलीचं बारीक चिन्ह आहे का, ते बघतात. अशा साइट कागद नव्या विंडोत उघडतात आणि ब्राउझर ती पॉप-अप समजून अडवतो. चिन्हावर क्लिक करून त्या एका साइटला परवानगी दिली की पुन्हा बटण दाबायचं. पैसे भरताना पान अडकलं तर मागे जायचं नाही, पान ताजंही करायचं नाही. बँकेचा मेसेज बघायचा, मग साइटवरचा व्यवहारांचा इतिहास, आणि तोवर दुसऱ्यांदा पैसे भरायचे नाहीत. एवढं कळलेला माणूस काउंटरवर आला की आमचं अर्धं काम झालेलं असतं.

एक भर आमच्याकडून. हल्ली फोनवर 'तुमच्या मोबाइलमध्ये ५ व्हायरस' असे फलक घेऊन येणारे फार झालेत. व्हायरस क्वचितच असतो. कधीतरी कुठल्यातरी साइटला सूचना पाठवायला 'अनुमती द्या' म्हटलेलं असतं. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना, आणि तिथल्या यादीतली अनोळखी नावं बंद. पुढच्या रविवारी हे घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमचा हाताने लिहिलेला 'आधी पत्ता वाचा' हा कागद आम्ही ए-फोर आकारात लॅमिनेट करून चारही दुकानांत लावलाय, तुम्हाला न विचारता. तिसऱ्या ओळीत तुम्ही 'कुलूप बघा' लिहिलंय. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते कुलूप काढून दोन आडव्या रेघा आणि त्यांवर एकेक गोळा असं चिन्ह दिलं, आणि तसंही कुलूप होतं तेव्हा ते साइट खरी असल्याची खात्री कधीच देत नव्हतं, वाटेत कोणी वाचणार नाही एवढंच सांगायचं. फसवणाऱ्या साइटलाही ते मिळतं. म्हणून ती ओळ आम्ही खोडून 'शेवटचा जिल्हा बघा' असं लिहिलंय. चालतंय का ते कळवा, म्हणजे उरलेल्या प्रती काढतो.

आपले,
सांगली-मिरज रस्त्यावरचे चौघे दुकानदार