खेळाचा संच घेण्याआधी घरातली परात पाहा

महोदय,

नात साडेतीन वर्षांची झाली म्हणून गेल्या आठवड्यात मुलगा आणि सून यांच्याबरोबर मी एका बालवर्गाच्या पालकसभेला गेले होते. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक पालकाने अडीच हजार रुपयांचे ‘ॲक्टिव्हिटी किट’ घ्यावे, असे तिथे सांगण्यात आले. घरी येऊन खोका उघडला, तर त्यात प्लास्टिकचे मणी, ते ओवायची दोरी, चिमटे, लहानमोठे पेले आणि वेगवेगळी करून ठेवायला खोटी फळे निघाली. मी बत्तीस वर्षे बालवाडीत शिकवले आहे. यातली एकही वस्तू अशी नव्हती, की जिचे काम आमच्या स्वयंपाकघरात भागले नसते.

दुसऱ्या दिवशी गवार निवडायला बसले तेव्हा नातीला समोर बसवून मधे परात ठेवली. कोवळी शेंग कट्‌कन मोडते, जून शेंग नुसतीच वाकते, ती बाजूला ठेवायची, एवढेच तिला सांगितले होते. पाच-दहा शेंगा झाल्यावर तिने एक वाकडी शेंग माझ्यासमोर धरली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “ही आजी आहे.” पाव किलो गवारीला आम्हा दोघींना अर्धा तास लागला आणि निम्मे देठ जमिनीवर पडले, हे खरे. परंतु त्या अर्ध्या तासात तिने पारखणे, वेगळे करणे, मोजणे आणि दोन नवे शब्द आपापसांत जुळवणे एवढे सगळे केले, शिवाय अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीला जो व्यायाम झाला तो पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडणारच आहे. बोटांत बळ येण्याआधी ‘अ’ गिरवायला लावले की मूल रडते आणि दोष मात्र त्याच्या आळसाला दिला जातो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

कणकेचा गोळा, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, तांब्याने पाणी ओतून कोणत्या भांड्यात जास्त मावते ते पाहणे, हे सगळे त्याच जातीचे आहे. आपल्या सांगलीत तर पावसाळ्यात कृष्णा नदी चढू लागली की मोठी माणसेही रोज एकमेकांना ‘आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झाले’ असे विचारत असतात. गच्चीवर एक उभट बरणी ठेवून तिच्यावर रोज खुणेची रेघ मारली, तर घरातल्या चिमुरड्यांनाही त्या चर्चेत भाग घेता येईल. फक्त दोन गोष्टी विसरू नयेत. लहान मुलांच्या हाती शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके अशा घशात अडकणाऱ्या वस्तू देऊ नयेत आणि पाण्याशी खेळणाऱ्या मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, कारण बादलीतले वीतभर पाणीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

यात माझे असे नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा शंख, शिंपले, खडे, बिया, पाने हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. त्याचा अर्थ ‘खेळणी विकत घ्या’ असा लावला जावा, हे मात्र नवलच.

“आई, तुम्हाला वेळ आहे, आम्हाला कुठे?” असे सून म्हणाली आणि तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. दोघेही नोकरी करतात, घाईच्या वेळी मूल मधे आले की दहा मिनिटांचे काम पाऊण तासावर जाते आणि पसारा वेगळाच. म्हणून मी तिला वेगळा वेळ काढायला सांगितलेच नाही, रोजच्या कामांपैकी कोणतेही एकच काम नातीच्या वेगाने करायचे, एवढे ठरवले. सध्या ते रात्री पाने मांडण्याचे आहे. माणसे किती, ताटे किती, पाहुणे आले तर आणखी किती, हा हिशोब ती मोठ्याने करते आणि त्या नादात जेवताना मोबाईल मागायचे विसरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासाहून अधिक नको. तीन-चार वर्षांच्या मुलांनी तर दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी, असेही त्यात म्हटले आहे.

तीन तास हालचाल करायला जागाही हवी. शहरातल्या बागांत घसरगुंड्या पुष्कळ झाल्या, पण पेव्हर ब्लॉकमुळे माती दिसेनाशी झाली आहे. प्रत्येक बागेत एक कोपरा मुलांना उकरता येईल असा मोकळा ठेवावा, अशी संबंधितांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. तोवर आमच्या घरी येत्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कुंभाराकडून बैलजोडीबरोबर चिखलाचा एक गोळाही मागून आणायचे ठरले आहे. नातीच्या बैलाला पाय किती असावेत, यावर अजून चर्चा चालू आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली