सभागृहात आमच्या आमदारांना कोणी हसले नव्हते, हे शोधून सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही लिहू नये, असे आपण बजावले होते आणि ते मी पाळतो आहे. आभार मात्र उघडपणे मानणार आहे. त्या दिवशी फोनवर ते नीट मानता आले नाहीत. माझा कंठ दाटून आला होता, आणि आपण "अहो, हे आमचे कामच आहे" असे म्हणून विषय मिटवलात. काम आपले असेलही, पण तेच काम ज्यांचे होते असे कितीतरी जण आम्हाला त्याआधी भेटले होते, आणि म्हणूनच आपण जे केलेत त्याची किंमत आमच्या घराला कळते.

आईचा प्रश्न तसा साधा होता. १९५७ साली ती सतरा वर्षांची होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या उमेदवारासाठी ती मोठ्या बायकांबरोबर घरोघर फिरली, आजोबांच्या मागे लागून बिंदू चौकातल्या सभेला गेली, आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांना केंद्रापर्यंत सोबत करत, कोणत्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची ते त्यांच्याकडून वाटेत घोकून घेत राहिली, कारण त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. तिला स्वतःला मत नव्हते. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते. उमेदवार निवडून आले. ते शेतात राबणारे, बेताचे शिकलेले, गावाकडचीच बोली बोलणारे गृहस्थ होते, आणि प्रचारात विरोधक उघड म्हणत असत की हा मुंबईला जाऊन तोंड उघडेल तेव्हा सगळे सभागृह हसेल. आईला ते बोलणे त्या वयात जे झोंबले ते आजवर गेले नाही. अलीकडे काचबिंदूने तिची दृष्टी गेली, वाचन थांबले, आणि जुन्या गोष्टी वर येऊ लागल्या. "आम्ही धाडलेला माणूस तितं काय बोलला, आन् त्याला कोण हसलं का, एवढं मला कळाय पायजे," हे वाक्य मग घरात वारंवार ऐकू येऊ लागले.

त्या सदस्यांचेही नाव मी येथे देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते देणे योग्य होणार नाही. ते एकदाच निवडून आले, मंत्री झाले नाहीत, आणि १९६२ नंतर सभागृहात नव्हते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हा प्रश्न घेऊन मी जेथे जेथे गेलो तेथले अनुभव लिहायला मला आवडत नाही. पण ते लिहिल्याशिवाय आपले आभार अपुरे राहतील. एका ठिकाणी अर्ज कोणाकडे द्यायचा हेच कोणी सांगेना. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी मान वर न करता विचारले, "मंत्री होते का? एकच टर्म ना? मग त्यांचे काय शोधता?" तिसरीकडे मोठ्या अगत्याने चहा मिळाला, आश्वासन मिळाले, आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. या कोणाचाही मला राग धरायचा नाही, पण "एकच टर्म ना?" हा प्रश्न मात्र मला सोडवत नाही, कारण तो विचारणाऱ्याला त्या एका टर्मची काहीही कल्पना नव्हती.

ती विधानसभा निवडली गेली तेव्हा मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेले द्विभाषिक राज्य होते; कच्छपासून चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, पसरलेल्या मुंबई राज्याच्या त्या सभागृहात ३९६ जागा होत्या. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली आणि मुंबईतही तगडी टक्कर दिली, तरी गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर काँग्रेसने २३४ जागा मिळवून सत्ता राखली, आणि आमच्या भागातून गेलेले सदस्य विरोधी बाकांवर बसले. जे राज्य मोडावे म्हणून लोकांनी त्यांना निवडून दिले, त्याच राज्याच्या सभागृहात त्यांनी तीन वर्षे काढली. समोर मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते, विरोधी बाकांवर आचार्य अत्रे होते, आणि या सर्वांच्या देखत राज्याच्या विभाजनाच्या विधेयकाचा मसुदा आपले मत व्यक्त करण्यासाठी त्याच सभागृहापुढे आला. १ मे १९६० रोजी १३२ सदस्य गुजरातचे झाले आणि २६४ महाराष्ट्राचे. महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभेसाठी वेगळी निवडणूक झालीच नाही. १९५७ साली पेट्यांत पडलेल्या मतांवरच ती उभी राहिली. आज आपण ज्या विधानसभेला पंधरावी म्हणतो, तिची गणना त्या वेगळ्या निवडणुकीशिवाय झालेल्या पहिलीपासून सुरू होते. सतरा वर्षांच्या मुलींनी म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून नेले, त्यातून ही पहिली विधानसभा झाली, ही गोष्ट आमच्या शाळांत कोणी सांगत नाही.

आणि त्या पाच वर्षांत त्या सभागृहाने केले काय? १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा त्यांचा आहे, कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा करणारा कायदा त्याच वर्षीचा आहे, सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा, शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा कायदा, हे सारे त्याच सदस्यांच्या हातून गेले. कोल्हापूर जिल्ह्यातला साखर कारखाना, दूध संस्था, सेवा सोसायटी, गावची पंचायत यांच्या कारभाराशी ज्याचा रोज संबंध येतो त्याने तरी त्या बाकांवर बसलेल्या एकेका माणसाबद्दल "त्यांचे काय शोधता" असे म्हणू नये.

आता आपल्याविषयी. मुंबईत जुन्या कार्यवाहीचे खंड जेथे जपून ठेवले आहेत तेथे मी पत्र पाठवले, तेव्हा उत्तराची फार आशा नव्हती. आपला फोन आला. सदस्यांच्या नावांच्या सूचीवरून एक प्रश्नोत्तर सापडले आहे, छायाप्रत पाठवते, असे आपण म्हणालात, आणि मी सहज बोलून गेलो की आईला दिसत नाही, मीच तिला वाचून दाखवीन. त्यावर क्षणभर थांबून आपण म्हणालात, "आईंना फोन द्या." तो भाग आपण स्वतः वाचून दाखवलात. घाई केली नाहीत. "अध्यक्ष महाराज" हे संबोधन जेथे होते तेथे ते वाचलेत, मध्येच उठलेल्या दुसऱ्या सदस्याचे वाक्य वाचलेत, मंत्र्यांचे उत्तर इंग्रजीत छापलेले होते ते आधी जसेच्या तसे वाचून मग मराठीत सांगितलेत. पावसाळ्यात गाव तुटते, नदीवर पूल कधी होणार, एवढाच तो प्रश्न होता. आईने तो मान हलवत ऐकला आणि मग आपल्याला विचारले, "बाई, त्यास्नी कोण हसलं काय?"

या प्रश्नाला काहीही उत्तर देऊन चालले असते. नाही हो, कोणी नाही हसले, असे म्हटले असते तरी म्हातारीचे समाधान झाले असते आणि त्यात खोटे बोलल्याचा दोष कोणी दिला नसता. आपण तसे केले नाहीत. सभागृहात हशा झाला तर तो कंसात नोंदवलेला असतो, या पानावर तशी नोंद नाही, पण बाकीची पाने पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, असे आपण म्हणालात. आई मला फोन परत देताना एवढेच म्हणाली, की ही बाई खरी आहे.

काही दिवसांनी आपला पुन्हा फोन आला. त्या पाच वर्षांच्या खंडांत त्या सदस्यांचे नाव जेथे जेथे होते ते प्रत्येक पान आपण आपल्या कामातून वेळ काढून पाहिले होते. त्यांच्या बोलण्यावर हशाची नोंद एकाच ठिकाणी होती, आणि तीही आपण लपवली नाहीत, वाचून दाखवलीत. पुलाचा विषय विचाराधीन आहे असे उत्तर पुन्हा आले, तेव्हा आमच्या सदस्यांनी उठून विचारले होते, की नदी आटेपर्यंत तो विचाराधीनच राहणार काय. त्यावर सभागृह हसले होते. ते त्यांना हसले नव्हते, त्यांच्याबरोबर हसले होते. आई हे ऐकून मोठ्याने हसली, आणि मग किती तरी वेळ आपल्याला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावत राहिली. आपण दर वेळी वाचलेत.

ताई, दयाळू माणसे मला आयुष्यात बरीच भेटली आहेत. पण समोरच्याचा प्रश्न हा खरा प्रश्न आहे, त्याला खरेच उत्तर दिले पाहिजे, मग विचारणारा कितीही म्हातारा, आंधळा, खेड्यातला असो आणि प्रश्न कितीही जुना असो, असे मानून वागणारी माणसे थोडी असतात. सौजन्य म्हणजे गोड बोलणे अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. चहा पाजणाऱ्या त्या कार्यालयातही बोलणे गोडच होते. आपण आईशी गोड बोललात, पण त्याआधी आपण तिच्यासाठी पाने उलटलीत. जी मुलगी १९५७ साली मत नसतानाही निवडणुकीत राबली, तिला तिच्या प्रतिनिधीचा हिशेब कोणीतरी अखेर दिला. तो देणे खरे तर किती जणांवर बंधनकारक होते, याचा विचार केला की मला आजही संताप येतो, आणि त्याच वेळी आपल्यासमोर हात जोडावेसे वाटतात.

आईने विचारले होते की ते सभागृह होते तरी कोठे. आपण सांगितलेत की आजचे नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१ चे. त्या काळी आमदार जुन्या कौन्सिल हॉलमध्ये बसत, आणि तेथे आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. तेव्हापासून ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते, आणि त्याबरोबर नदी आटण्याचे वाक्यही.

आपण पाठवलेल्या छायाप्रती मिळाल्या. प्रत्येक प्रतीवर खंड आणि पृष्ठ क्रमांक आपल्या अक्षरात लिहिलेला आहे, त्यामुळे पुढे कोणालाही मूळ पान शोधता येईल. गावच्या वाचनालयाने त्या बांधून ठेवण्याचे मान्य केले आहे. त्या सदस्यांच्या नातवाला मी एक संच नेऊन दिला; आजोबांचे सभागृहातले बोलणे त्यांच्या घरातही कोणी वाचलेले नव्हते.

आईचा आपल्याला निरोप आहे. अंबाबाईच्या दर्शनाला याल तेव्हा मुक्काम आमच्याकडेच करायचा, आणि येताना आमच्या सदस्यांचे अर्थसंकल्पावरचे भाषण सोबत आणायचे, कारण फोनवर ते निम्मेच वाचून झाले होते.

आपला कृतज्ञ,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक मतदार