सशांचा मिक्सोमा: कोण बदललं, हे कसं मोजायचं

कॅनबेरा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

‘विषाणू काळानुसार मवाळ होतो’ हे वाक्य बारावीच्या मुलांना सांगावं का, असं तू विचारलं आहेस. तसंच्या तसं सांगू नकोस. सांगायचंच असेल तर ऑस्ट्रेलियातल्या सशांचं उदाहरण घे. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूपुढे यजमान प्राणी, म्हणजे ज्याच्या अंगात विषाणू वाढतो तो, कसा बदलत गेला, हे इतकं नीट मोजलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मिक्सोमा हा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या रानसशाला डास चावल्या जागी एखादी गाठ येते, एवढंच. युरोपीय सशाची गोष्ट वेगळी. १८९६ साली उरुग्वेतल्या मोंतेविदेओत सानारेल्ली या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले ससे या रोगाने पटापट मेले, तेव्हा तो पहिल्यांदा नोंदला गेला. पापण्या सुजून डोळे मिटतात, अंगभर गाठी उठतात आणि दोन आठवड्यांच्या आत खेळ संपतो. ऑस्ट्रेलियात पिकांचा फडशा पाडणारे ससे हे युरोपीयच, म्हणून १९५० मध्ये मरी नदीच्या खोऱ्यात हा विषाणू मुद्दाम सोडला गेला. सुरुवातीचे प्रयोग विझल्यासारखे वाटले. मग उन्हाळा आला, डास माजले आणि साथ नद्यांच्या काठाकाठाने शेकडो मैल धावली. त्याच सुमारास तिथे माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांचा संशय सशांच्या विषाणूवर गेला. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी मिक्सोमा स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही. मेंदूज्वराचा विषाणू वेगळाच होता, पण त्याचा वाहकही डासच.

आता डासाची भूमिका नीट समजून घे, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेंग्यूचा विषाणू डासाच्या शरीरात वाढतो. मिक्सोमा वाढत नाही. सशाच्या गाठीतून सोंड आत घालताना तो सोंडेला चिकटतो आणि पुढच्या सशात उतरतो, दूषित सुई टोचावी तसा. म्हणजे रक्तात किती विषाणू आहे याला फारसं महत्त्व नाही, कातडीतल्या गाठीत किती आहे याला आहे. गाठीतला विषाणू दर ग्रॅमला साधारण १ कोटी संसर्गमात्रांच्या (एक संसर्गमात्रा म्हणजे संसर्ग घडवायला पुरेल इतका विषाणू) खाली गेला की डास सहसा कोरडाच परततो. आता हिशेब कर. अतिजहाल स्ट्रेन (विषाणूचा उपप्रकार) ससा लवकर मारतो, त्यामुळे गाठी डासांना थोडेच दिवस मिळतात. फार सौम्य स्ट्रेनमध्ये गाठीत पुरेसा विषाणूच साठत नाही. मधला स्ट्रेन ससा तीन-चार आठवडे जिवंत ठेवतो आणि गाठी भरलेल्या राहतात. काही वर्षांतच रानात हाच मधला, तिसऱ्या श्रेणीचा (श्रेण्या पुढे सांगतो) स्ट्रेन सर्वाधिक सापडू लागला. पण ‘मधला’ म्हणजे किती? न बदललेल्या सशांपैकी ७० ते ९५ टक्के मारणारा! याला मवाळ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

श्रेणी ठरवायची पद्धत मुलांना जरूर सांग. प्रयोगशाळेतल्या पाच-सहा सशांना कातडीत अगदी छोटा, सुमारे ५ संसर्गमात्रांचा डोस टोचायचा आणि दिवस मोजायचे. सहा सशांवरून ९५ आणि ९९ टक्क्यांतला फरक कळणं अशक्य आहे. म्हणून फेनर आणि मार्शल यांनी मृत्युदराऐवजी ससा सरासरी किती दिवस जगला हे धरलं: १३ दिवसांपर्यंत पहिली श्रेणी, १४ ते १६ दुसरी, १७ ते २८ तिसरी, २९ ते ५० चौथी, आणि बहुतेक ससे वाचले तर पाचवी. डोस छोटा ठेवायचं कारण असं की मोठ्या डोसने आजार लवकर सुरू होतो आणि दिवसांचं गणित बिघडतं.

ही झाली विषाणूची बाजू. सशांचं काय? रानात कमी ससे मरू लागले, एवढ्यावरून कोण बदललं हे कळत नाही. विषाणू सौम्य झाला, ससे चिवट झाले किंवा वाचलेल्यांना प्रतिपिंडं मिळाली, तिन्ही शक्यता उरतात. म्हणून एक बाजू गोठवावी लागते. विषाणू मोजायचा तर कधीच साथ न पाहिलेले प्रयोगशाळेतले ससे घ्यायचे. ससे मोजायचे तर दरवर्षी तोच, साठवून ठेवलेला विषाणू वापरायचा.

न्यू साउथ वेल्समधल्या लेक युराना इथे हेच केलं गेलं. डासांचा हंगाम सुरू होण्याआधी रानातली पिल्लं धरायची. ती मोठी होईपर्यंत डासांपासून दूर ठेवायची, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडं काही आठवडे टिकतात आणि आनुवंशिक प्रतिकाराचा भास निर्माण करतात. मग रक्त तपासायचं, प्रतिपिंडं असलेली बाजूला काढायची आणि उरलेल्यांना तिसऱ्या श्रेणीचा ठरलेला स्ट्रेन टोचायचा. सुरुवातीला त्यातले सुमारे ९० टक्के मरत. सात साथींनंतर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत आलं. दहा वर्षंही लागली नाहीत.

इथे एक सापळा आहे. उष्ण हवेत ठेवलेले ससे या रोगातून जास्त वाचतात, थंडीत जास्त मरतात. एका वर्षीची चाचणी उन्हाळ्यात आणि पुढची हिवाळ्यात घेतली, खोलीचं तापमान बांधून ठेवलं नाही, तर आलेख ऋतूचा निघेल, उत्क्रांतीचा नाही.

जनुकं शोधायला मात्र संग्रहालयं कामी आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साथीआधीच्या आणि नंतरच्या सशांचा डीएनए ताडून पाहिला गेला. जुन्या नमुन्यांत खुद्द डार्विनचा एक ससासुद्धा होता! जुना डीएनए तुकडे झालेला असतो आणि तुकड्यांच्या टोकांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनच्या जागी थायमिन वाचलं जातं, ती चूक गाळली नाही तर नसलेले बदल ‘सापडतात’. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि ब्रिटन या तिन्ही ठिकाणी बरेचसे तेच जनुकप्रकार वाढलेले दिसले. म्हणजे ते साथीनंतर नव्याने उपजले नव्हते, युरोपातल्या मूळ सशांत आधीपासून थोड्या प्रमाणात होते आणि निवडीने वर आले. एकच रामबाण जनुक निघालं नाही. प्रतिकारशक्तीच्या अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे, त्यांत एक इंटरफेरॉनचं, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या शरीरातल्या प्रथिनाचं. त्याचा वाढलेला प्रकार विषाणूला जास्त रोखतो, हे पेशींवर तपासलं गेलं.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर उंदीर घे. वेस्ट नाइल या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूसारख्या विषाणूंपुढे प्रयोगशाळेतले नेहमीचे उंदीर मरतात आणि रानउंदरांतले अनेक तगतात. हा फरक प्रामुख्याने ओएएस-१बी या एका जनुकाचा, प्रयोगशाळेच्या वाणांत ते मध्येच तुटलेलं आहे. २००२ मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. उंदराचा वाण न सांगता कोणी ‘उंदरांवर लस चालली’ म्हणालं की मी तरी पुढे वाचत नाही.

सशांची गोष्ट तिथे थांबली नाही. ससे चिवट झाल्यावर त्यांना लवकर बरं होऊ न देणाऱ्या विषाणूंची चलती झाली. १९९० च्या दशकातले ऑस्ट्रेलियन स्ट्रेन प्रयोगशाळेतल्या सशांना टोचले, तेव्हा प्रतिकारयंत्रणाच कोसळून सेप्टिक शॉकसारखा (जंतू अंगभर पसरून रक्तदाब कोसळतो तसा) मृत्यू आला. १९५० च्या दशकातल्या विषाणूंत हे चित्र नव्हतं.

डेंग्यूला हे लावू नको. सशाची पिढी काही महिन्यांची, माणसाची पंचवीस वर्षांची. मिक्सोमाने सुरुवातीला जवळजवळ सगळे ससे मारले, डेंग्यूत उपचार मिळाले तर शंभरात एकही सहसा दगावत नाही. इतक्या हलक्या निवडीने दोन-तीन पिढ्यांत काही दिसणार नाही.

फळ्यावर दोन वेगळे आलेख काढ. पहिल्यात आडव्या अक्षावर साल, उभ्यावर प्रयोगशाळेतले ससे किती दिवस जगले. दुसऱ्यात आडव्या अक्षावर साथींची संख्या, उभ्यावर ठरलेल्या स्ट्रेनने मेलेले रानससे. दोन्ही एकाच आलेखात घालायचा मोह होईल, पण मग गोठवलेली बाजू कुठली हे मुलांना कळणार नाही. प्रश्नपत्रिकेत तिसऱ्या श्रेणीला ‘सौम्य’ लिहिलंस, तर मात्र पुढच्या पत्रात तुझी खैर नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय